सकाळी बर्फ, दुपारी चिखल: फेब्रुवारीतल्या स्पितीत जिम्नी आणि मामा

फेब्रुवारीत हिमाचलमधल्या स्पितीला निघालेय म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी थंडीचं विचारलं. मोठ्या मामांनी मात्र विचारलं, "घाट किती?" मामा एसटीत चालक होते. घोटीला घर, त्यामुळे कसारा घाट त्यांच्या अंगणातलाच. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी शेजारी बसले की वळणाआधी त्यांचा उजवा पाय अजून हलतो. मी म्हटलं, "मामा, घाट मोजता येणार नाहीत. तुम्हीच चला सोबत." दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "पोरी, स्वेटर किती घेऊ?"

गाडी माझी जिम्नी. गिअरच्या दांड्याशेजारी तिला आणखी एक छोटा दांडा आहे, आणि या प्रवासाची निम्मी गोष्ट त्या दांड्याचीच आहे. टू-एचमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. दांडा मागे ओढला की फोर-एच, पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जखडली जातात. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, दांडा खाली दाबत अजून मागे नेला की फोर-एल, वेग निम्मा आणि ओढ दुप्पट. याला पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह म्हणतात, कारण ती कायम लावून ठेवायची नसते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. हा फरक सामावून घेणारं मधलं डिफरन्शियल या गाड्यांत नसतं. चिखलात, बर्फात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा ताण आत गिअरांवर आणि शाफ्टवर साचतो.

मामांना हे एका वाक्यात कळलं. "वळताना बाहेरचा बैल जास्त चालतो. दोघांच्या माना एकात बांधल्या तर जू मोडणारच की."

जुलैत घोटीला त्यांच्या शेताच्या वाटेवर आम्ही भरपूर सराव केला होता. आवणीच्या दिवसांतला तो चिखल, गुडघ्याला लागणारा. तेव्हा वाटलं होतं, यापेक्षा अवघड काय असणार!

नाशिक ते चंदीगड तीन दिवस, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सिमल्यात एक रात्र झोपलो आणि खरा प्रवास सुरू झाला.

पहिला दिवस: सिमला ते रामपूर

हिवाळ्यात स्पितीला एकच वाट उघडी असते, किन्नौरमधून. मनालीकडून येणारा कुंझुम घाट बर्फानं बंद असतो. म्हणजे सतलजचा हात धरून वर जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं.

ठियोग सोडल्यावर देवदारांच्या सावलीत रस्त्याकडेला मळकट बर्फाचे ढीग दिसायला लागले. नारकंड्याला, साधारण २७०० मीटरवर, एका टपरीत सिद्दू खाल्ला. आंबवलेल्या कणकेचा वाफवलेला गोळा, आत अक्रोड-खसखशीचं सारण, वरून कढवलेलं तूप. मामांनी दुसरा मागवला. टपरीवाला म्हणाला, "आगे उतराई में पाला है, आराम से जाना." मामांना वाटलं झाडाचा पाला पडलाय रस्त्यावर.

पाला म्हणजे रात्रीचं दव किंवा वितळलेलं पाणी गोठून डांबरावर बसलेला पातळ थर. काचेसारखा. खालचं काळं डांबर आरपार दिसतं, त्यामुळे रस्ता नुसता ओला वाटतो. मी फोर-एच लावलं होतं आणि त्याच भरवशावर तिशी-पस्तिशीनं उतरत होते. डोंगराच्या सावलीतलं एक उजवं वळण आलं. मी ब्रेकला पाय लावला. चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसची थरथर पायाला जाणवली, स्टीअरिंग एकदम हलकं झालं आणि गाडी सरळ चालत राहिली. मी वळवतेय आणि ती वळत नाहीये. सुदैवानं बाजूला दरी नव्हती, बर्फाचा ढीग होता. त्यात नाक रुतवून थांबली.

मामा काहीच बोलले नाहीत. खाली उतरले, बंपर पाहिला, परत येऊन बसले आणि म्हणाले, "चार चाकं ओढायला आहेत. थांबवायला तर प्रत्येक गाडीला चारच असतात."

ही गोष्ट इतकी साधी आहे, आणि तरी मी ती विसरले होते. फोर-बाय-फोरमुळे गाडी निघते, चढते. थांबण्याचं अंतर त्यानं एक इंचही कमी होत नाही. पाल्यावर तर उलट धोका वाढतो, कारण चाकं जागेवर न फिरता गाडी छान पुढे जाते आणि रस्ता किती निसरडा आहे हे कळतच नाही. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. सरळ, मोकळा तुकडा दिसला, मागे कोणी नसलं, की अगदी कमी वेगात ब्रेक हलकेच दाबून बघायचा. पायाला थरथर आली की समजायचं, काचेवर आहोत.

रामपूरला पोहोचलो तेव्हा खाली सतलज हिरवीगार वाहत होती आणि थंडी नाशिकच्या डिसेंबरइतकीच.

दुसरा दिवस: रामपूर ते कल्पा

निगुलसरीच्या आसपासचा डोंगर सतत खचत असतो. ११ ऑगस्ट २०२१ला इथे दरड एसटीवर आणि इतर गाड्यांवर कोसळली होती, २८ माणसं गेली. तिथली एसटी म्हणजे हिमाचलची एचआरटीसी, पण मामांच्या लेखी ती एसटीच. तिथून जाताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

पुढे एका ठिकाणी रात्री डोंगरावरून गाळ उतरला होता. शंभरेक मीटर रस्ता राखाडी चिखलाखाली. भाजीचा एक पिकअप मध्येच रुतलेला, आम्ही रांगेत सातवे. अर्ध्या तासानं माणसांनी ढकलून पिकअप काढला. तोवर मामा गमबूट घालून काठी घेऊन अख्खा पट्टा चालून आले होते. "डावीकडं दगड आहेत, उजवीकडं मऊ. डावीकडून ने. मधी थांबू नको."

हा चिखल घोटीच्या चिखलासारखा नव्हता. आपली माती चिकट, टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायरचं गुळगुळीत भांडं करते. हा गाळ म्हणजे बारीक वाळू, दगडाची पूड आणि पाणी. चिकटत नाही, पण तळाचा पत्ता लागत नाही. मी टायरमधली हवा आठ पीएसआयनं कमी केली. टायर पसरला की भार जास्त जागेवर वाटला जातो. थांबून फोर-एल लावलं आणि पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरात निघाले. पहिल्यात इतकी ताकद येते की चाक जागेवर फिरून स्वतःसाठी खड्डा खणतं. पायाचा दाब एकसारखा, ना कमी ना जास्त. मधे एकदा गाडीचा वेग मरायला लागला तेव्हा स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं हलवत राहिले. टायरच्या कडा बाजूच्या ताज्या मातीत रुतल्या आणि गाडी पुन्हा सरकली. पलीकडे पोहोचले तेव्हा तळव्यांना घाम फुटला होता.

आनंदाच्या भरात फोर-एलचं फोर-एच केलं आणि टू-एच करायचं राहिलं. पुढचा रस्ता कोरडा खडखडीत. वांगतू, करछम मागे पडलं. पोवारीला टाकी भरली, टायरची हवा आठ पीएसआयनं पुन्हा वाढवली आणि कल्प्याच्या वाटेवरच्या पेओ गावाच्या वळणावळणाच्या चढाला लागलो, तर गाडी अडखळायला लागली. वळणात स्टीअरिंग जड, खालून धक्के, जणू कोणी हँडब्रेक ओढून धरलाय. मला वाटलं चिखलात काही तुटलं. मामांनी दांड्याकडे बोट दाखवलं. टू-एच करायला गेले तर दांडा हलेना. ताण साचला होता, दात एकमेकांवर दाबून बसले होते. जोर लावू नये अशा वेळी. गाडी मागे कोणी नाही बघून दहा-बारा मीटर सरळ रिव्हर्स घेतली, ताण उलटा सुटला, "टक्" असा आवाज आला आणि दांडा लोण्यातून गेल्यासारखा पुढे गेला. डांबर, बर्फ, पुन्हा डांबर असा रस्ता असेल तर दांडा दिवसातून वीस वेळा हलवावा लागला तरी हलवावा. टू-एच ते फोर-एच चालत्या गाडीत होतं, चाकं सरळ असताना आणि पाय एक्सलरेटरवरून उचलून.

कल्प्याला होमस्टेच्या खिडकीतून किन्नर कैलास समोर. संध्याकाळी शेंदरी, मग गुलाबी, मग निळा पडत गेला. मामा अंधार होईपर्यंत खिडकीतून हलले नाहीत. जेवायला राजमा, भात आणि ताकाची पातळ कढी.

तिसरा दिवस: कल्पा ते ताबो

सकाळी कल्प्याहून पेओला उतरणारा सात-आठ किलोमीटरचा रस्ता पूर्ण गोठलेला. आदल्या दुपारी त्यावरून पाणी वाहत होतं, तेच रात्री जमलं. होमस्टेचे मालक म्हणाले, दहानंतर निघा, ऊन येऊ द्या. आम्ही ऐकलं नाही. ताबो दूर होतं.

एसटीचा नियम मामांच्या रक्तात आहे: ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. मी फोर-एल, पहिला गिअर लावला. इथे पार्ट-टाइम जोडणीचा मोठा उपयोग होतो. टू-एचमध्ये इंजिनाची अडवणूक फक्त मागच्या चाकांवर येते, ती धरली की गाडीची शेपटी फिरते. चारही चाकं जखडलेली असली की तीच अडवणूक चौघांत वाटली जाते. पण पहिल्या दोनशे मीटरांत लक्षात आलं की गाडी तरीही सरकतेय. फोर-एलचा पहिला गिअर चाकांना इतकं हळू फिरवतो की उताराच्या ओढीपुढे ती फिरण्याऐवजी घसरत जातात. क्लच दाबून गाडी मोकळी सोडली असती तर संपलंच होतं. एका सपाट जागी थांबले आणि फोर-एलचाच दुसरा गिअर घेतला. चाकं थोडी जास्त फिरू लागली आणि पकड परत आली. मामा म्हणाले, "म्हणजे नियम बरोबर, पण एक गिअर वर." पुढे प्रवासभर हे वाक्य आमच्या गाडीत कायदा म्हणून चाललं.

सात-आठ किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावं, तिची लय तुटली की ती पुन्हा निघत नाही. हे मामांना सांगावं लागलं नाही.

खाबला सतलज तिबेटकडून येते आणि स्पिती नदी तिला मिळते. एक मातकट, एक निळसर. तिथून रस्ता ‘का’ नावाच्या गावाच्या वळणांनी उंच उचलला जातो. नाकोचं तळं गोठलेलं, त्यावर पोरं घसरगुंडी खेळत होती. मलिंगचा नाला हा या रस्त्यावरचा जुना त्रासाचा टप्पा. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजलेले. रस्त्यावर हातभर जाडीचा बर्फाचा उंचवटा तयार झालेला आणि त्याच्यावरून वितळलेलं पाणी वाहतंय.

तिथे थांबलेल्या एका कॅम्पर पिकअपच्या चालकानं मला जे सांगितलं ते मी कुठे वाचलं नव्हतं. पहाटे उणे पंधराला बर्फ कोरडा असतो, टायर थोडा तरी धरतो. दुपारी शून्याच्या आसपास त्याच्यावर पाण्याची साय येते, तेव्हा तो सगळ्यात वाईट. त्यानं मागून एक गोणी काढली, बर्फावर मूठमूठ माती फेकत दोन चाकोऱ्या तयार केल्या. "पहले आप जाओ, मैडम. ब्रेक मत छूना." आम्ही पार झालो, तो मागून आला, हात हलवून निघून गेला. नाव विचारायचं राहिलं.

ताबोच्या होमस्टेत एकच खोली उबदार, तंदूरची. तंदूर म्हणजे तिथे रोटीची भट्टी नाही, खोलीच्या मध्यभागी ठेवलेली लोखंडी शेगडी, तिचा नळा छतातून बाहेर. सगळं घर तिच्याभोवती बसतं. नळ गोठलेले, पाणी बादलीतून. घरच्या ताईंनी थुक्पा, म्हणजे शेवयांचं गरम सूप, वाढला आणि मामांना मिठाचा लोणी-चहा. मामांनी पहिल्या घोटाला डोळे मिटले, दुसऱ्याला म्हणाले, "कढीसारखं समज, मग चांगला लागतो." घरच्या आजी हसत हसत कप भरत राहिल्या. कप रिकामा ठेवला की त्या भरतातच. पुरे असेल तर भरलेला ठेवायचा, हे आम्हाला चौथ्या कपाला कळलं.

मी नाल्यातल्या मातीची गोष्ट सांगितली. ताई उठल्या, तंदूरखालचा पत्रा ओढला आणि गार झालेली राख एका पिशवीत भरून दिली. माती गोठून तिचे गोळे होतात, राख कोरडी राहते. शिवाय काळपट राख उन्हात तापते आणि बर्फात रुतून बसते.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढायचा नाही, तो गोठून बसतो. गिअरमध्ये ठेवून चाकांखाली दगड लावायचे. वायपर काचेवरून उचलून ठेवायचे. आमची पेट्रोलची गाडी म्हणून वाचलो. शेजारच्या डिझेल पिकअपखाली सकाळी निखाऱ्यांची पाटी सरकवलेली होती, टाकीतलं गोठलेलं डिझेल पातळ व्हावं म्हणून. मामा ते बघून हादरले. एसटी डेपोत टाकीजवळ साधी बिडी पेटवू देत नसत.

चौथा दिवस: ताबो ते काझा

ताबोचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, ९९६ सालचा. बाहेरून मातीच्या ढिगासारखा, आत गेलं की अंधार, आणि डोळे सरावले की भिंतींवरून रंग हळूहळू वर येतात. १९७५च्या किन्नौर भूकंपाचा मार त्यानं खाल्ला, तरी त्या मातीच्या भिंती उभ्या आहेत. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे.

काझाचा रस्ता जेमतेम पन्नास किलोमीटर, कोरडा. दांडा दिवसभर टू-एचमध्ये.

काझात बाजार जवळपास बंद. पेट्रोल पंप चालू होता, पोवारीनंतरचा पहिलाच आधार. फोर-एल-फोर-एचमध्ये गाडी नेहमीपेक्षा बरंच जास्त पिते, म्हणून चाळीस लिटरच्या टाकीशिवाय दहाचा कॅन जवळ होता. संध्याकाळी बर्फासाठी टायरवर चढवायच्या साखळ्या घालून बघायला काढल्या आणि जीव खाली गेला. दुकानदारानं आमच्या टायरच्या म्हणून दिलेल्या, पण दोन कड्या ढिल्या. ढिली साखळी सुटली की चाकाशेजारची ब्रेकची नळी फाडू शकते. इथल्या एका मेकॅनिकनं जास्तीच्या कड्या कापून पन्नास मिनिटांत त्या बसवून दिल्या, पैसे घेईना, शेवटी मामांनी आणलेला चिवडा घेतला. साखळ्या घरी असतानाच अंगणात चढवून बघा, हातमोजे घालून. आणि त्या चारही चाकांना उत्तम, दोनच असतील तर गाडीच्या पुस्तिकेत कोणती चाकं सांगितलीत ते पाहून मगच.

पाचवा दिवस: किब्बर आणि चिचम

‘की’ नावाच्या गोंपाच्या खाली साखळ्या चढवल्या. किब्बर ४२०० मीटरच्या वर. ताज्या बर्फाखाली जुना दडपलेला बर्फ, दोन्ही बाजूंना कमरेइतक्या भिंती. फोर-एच, दुसरा गिअर, सावकाश. किब्बर ते चिचम हा पूल २०१७मध्ये सुरू झाला. त्याआधी माणसं त्या घळीवरून दोरावरच्या पाळण्यात बसून जात. पुलाच्या मध्यावर उभं राहून खाली पाहिलं आणि कठड्याला धरलेला हात आपोआप घट्ट झाला.

अडकलो ते परत फिरताना. वळायला जागा म्हणून मी चाकोरी सोडून बाजूच्या सपाट दिसणाऱ्या बर्फावर गाडी घातली. ते सपाट नव्हतं, वाऱ्यानं भरलेला खड्डा होता. गाडी अलगद पोटावर बसली. चाकं फिरताहेत, गाडी जागेवर. डावं पुढचं आणि उजवं मागचं चाक लटकलेलं. साखळ्या असूनही काही उपयोग नाही, कारण भार पोटावर होता. इथे माणूस घाबरून एक्सलरेटर दाबतो. तेच करू नये, चाकाखालचा बर्फ घासून काचेसारखा होतो. मी इंजिन बंद केलं.

मामांनी फावडं घेतलं. ४००० मीटरवर पाच फावडी मारली की धाप लागते, म्हणून पाच त्यांनी, पाच मी. चाकांसमोर खणायच्या आधी पोटाखालचा बर्फ काढायचा, गाडी चाकांवर बसली पाहिजे. पाऊण तास गेला. मग चाकांमागे ताबोची राख, दोन-दोन मुठी. फोर-एल, रिव्हर्स, स्टीअरिंग सरळ, ज्या खुणांवरून आत आलो त्याच खुणांवरून मागे. खालून ब्रेकची "कटकट" ऐकू आली: मोकळं फिरणारं चाक गाडी स्वतः धरत होती आणि ताकद पकड असलेल्या चाकाकडे जात होती. एक हात मागे, एक हात पुढे, पुन्हा मागे, आणि गाडी चाकोरीत आली. मामांनी बोनेटवर दोनदा थाप मारली, शर्यत जिंकल्यावर बैलाच्या वशिंडावर मारतात तशी.

किब्बरमध्ये पंधरा-वीस माणसं दुर्बिणी आणि भलेमोठे कॅमेरे लावून एका कड्याकडे बघत बसलेली. हिवाळ्यात भरल (जंगली मेंढ्या) खाली उतरतात आणि त्यांच्यामागे हिमबिबट्या. गावातला एक वाटाड्या मामांना म्हणाला, "अंकल, आइए." मामा दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ गप्प. "दगड आहे," म्हणाले. मग, "नाही. शेपटी हलली." मी पाहिलं. राखाडी कड्यावर राखाडी प्राणी, अंगाभोवती ती जाडजूड शेपटी गुंडाळून झोपलेला. आमच्या आधी काही लोक सहा दिवस त्याच्यासाठी बसून होते. आमच्या वाट्याला तो वीस मिनिटांत आला, आणि त्या लोकांनीच आम्हाला दुर्बीण देऊन पुढे केलं.

सहावा दिवस: काझा

रात्रभर बर्फ पडला. गाडी दिसेना, नुसता गोल उंचवटा. कुठे जायचा प्रश्न नव्हता. तंदूरभोवती बसून काळ्या मटारची उसळ आणि टिंगमो (वाफवलेले पाव) खाल्ले. मामांनी घरमालकांना पत्त्यांतला मेंढीकोट शिकवला, संध्याकाळपर्यंत ते मामांना हरवायला लागले. येताना एक-दोन दिवस हाताशी ठेवूनच या. सोमवारी ऑफिस आहे म्हणून बर्फात निघालेल्या माणसाला कोणतीही गाडी पुरी पडत नाही.

सातवा ते नववा दिवस: परत

डोझर गेल्यावर अकराला निघालो. ताज्या बर्फाखाली पाला असतो. पांढरं दिसतं म्हणून खरबरीत वाटतं, पण तसं नसतं. मी मामांना विचारलं, "चालवणार?" जिम्नीत ते तोवर शेजारीच बसले होते. काझा ते ताबो त्यांनी चालवली. वीस-पंचविसाच्या वर काटा गेला नाही आणि ब्रेकचा दिवा एकदाही लागला नसावा. पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवलं की मधे एक एसटी मावावी. वळणाच्या अलीकडे, सरळ असतानाच गिअर उतरवायचा, मग वळायचं, मग वाट मोकळी दिसली की हलकेच पाय. मी नुसती दांडा सांभाळत होते: "मामा, डांबर आलं, टू-एच." "मामा, सावली आली, फोर-एच."

मलिंगला या वेळी सकाळी आठला पोहोचलो. तोच उंचवटा, पण कोरडा, कडक, त्यावर कोणीतरी टाकलेली माती गोठून बसलेली. पाच मिनिटांत पार. खाबच्या खाली येईतो ऊन तापलं आणि रस्त्याकडेचा बर्फ वाहू लागला. स्पिलोच्या पुढे तोच राखाडी गाळ, तोच दुसरा गिअर. त्याच दिवशी सकाळी बर्फ, दहाला कोरडं डांबर आणि एकला चिखल. त्या रस्त्यावर किलोमीटर विचारण्यापेक्षा किती वाजता कुठे असू ते विचारावं, हे आम्हाला परतीला जमलं.

नारकंड्याच्या त्या वळणावर आता ऊन होतं. बर्फाच्या ढिगात आमच्या बंपरचा ठसा अजून होता, कडा वितळून गोल झालेल्या. मामांनी गाडी बाजूला घेतली आणि आम्ही टपरीत जाऊन पुन्हा सिद्दू खाल्ला.

घरी आल्यावर पहिलं काम, गाडी खालून धुणं. तो राखाडी गाळ सस्पेन्शनच्या सांध्यांत आणि ब्रेकमागे वाळून सिमेंट होतो. उचलून, पाण्याच्या जोरानं, दोनदा. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं आणि ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचं तेल तपासून घेतलं, पाणी शिरलं असेल तर ते दुधासारखं दिसतं. आमचं स्वच्छ निघालं. 

मागच्या सीटखाली ताबोची पिशवी सापडली, निम्मी भरलेली. टाकायचं जिवावर आलं. रविवारी घोटीला गेले तेव्हा मामींना दिली. त्यांनी ती कढीपत्त्याच्या आळ्यात घातली आणि मामांना म्हणाल्या, "आता तिकडच्या चहाचं सांगा परत."